सृष्टीचा उजवा डोळा

भोंगवली
८ जुलै २०२५

सारिकास,

जय भीम. तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस, म्हणून हा कागद. आकाश रविवारी वेल्ह्याला येईल तेव्हा तुझ्या हातात देईल. पाकिटाला तीन पिना मारल्या आहेत, कारण तुझ्या नवऱ्याला दुसऱ्याचं वाचायची खोड आहे आणि ती माझ्याकडूनच त्याच्यात आली.

तुला जाऊन आज सतरा दिवस झाले. भांडण कोणी काढलं यावर मी लिहिणार नाही. लिहिलं तर तूच काढलंस असं लिहीन. चार बायकांसमोर तू मला म्हणालीस, "आत्या, तुमच्या हातानं पोरीचा डोळा बरा व्हायचा न्हाई." बत्तीस वर्षं अंगणवाडी चालवली मी. भोंगवलीतली निम्मी पोरं माझ्या काट्यावर वजन करून मोठी झाली. सासू म्हणून सोड, पण सेविका म्हणून तरी हे कसं ऐकून घ्यायचं? नाही घेतलं. तोंडाला येईल ते बोलले. त्यातलं "तुझ्या माहेरात कोण डॉक्टर होऊन गेलंय" हे बोलायला नको होतं, एवढं कबूल.

सृष्टीच्या डोळ्याचं सांग. अजून तसाच गळतो का? सकाळी पापण्या चिकटतात का? नाकाजवळ जी लाल गाठ आली होती, जिच्यामुळं तू पोरीला उचलून माहेरी गेलीस, ती औषधानं बसली असं आकाश म्हणतो. आकाशला गाठ आणि डास चावलेला यातला फरक कळत नाही, म्हणून तूच कळव. पोरगी चार दिवसांनी सतरा महिन्यांची होईल. दिवस मी मोजते आहे, तेवढी सवय सुटलेली नाही.

आकाश असंही म्हणाला की तू पुण्याच्या हॉस्पिटलच्या फोनची वाट बघते आहेस. जानेवारीत भोरच्या शिबिरात आपण नाव लिहिलं, पोरगी वर्षाची झाली की ऑपरेशनची तारीख फोन करून सांगू म्हणाले, आणि अजून फोन नाही म्हणून तू त्यांच्या नावानं बोटं मोडतेस. मोठं हॉस्पिटल आहे, रांगही मोठी असणार. येईल.

इकडं सगळं ठीक. शेळीला दोन करडं झाली. तुझ्या आप्पांना नमस्कार सांग.

तुझी आत्या

ता. क. फोनची फार वाट बघू नकोस. म्हणजे बघ. पण नुसती बघत बसू नकोस.


१७ जुलै

सारिकास,

उत्तर नाही. आकाश म्हणाला, पत्र घेतलंस आणि चुलीवरच्या फळीवर ठेवलंस. फळीवर ठेवलं म्हणजे जाळलं नाही, एवढ्यावर मी चार दिवस काढले.

घरात पाय ठरत नाही. भांडी घासलेली परत घासते. काल सकाळी उठून आठच्या एस.टी.नं भोरला गेले. स्टँडच्या मागच्या गल्लीत डॉक्टर चैत्राली म्हणून नवीन डोळ्यांच्या बाई आल्या आहेत, तुझ्याच वयाच्या असतील. मी पेशंट म्हणून नंबर लावला. आत गेले तर म्हणाल्या, "आजी, काय त्रास होतोय?" मी म्हटलं, त्रास मला नाही, नातीला आहे आणि नात वेल्ह्यात आहे. त्या हसल्या. मग सगळं ऐकून घेतलं.

त्यांनी विचारलं, मालिश करत होता का? मी म्हटलं, करत होता का म्हणजे काय! रोज तीन वेळा, अकरा महिने, एक दिवस खाडा नाही. तू साक्षीला आहेस. त्या म्हणाल्या, माझ्या नाकावर करून दाखवा बरं. मी दाखवलं. नाकाच्या कडेला करंगळी लावायची आणि वर डोळ्याच्या कोपऱ्याकडं दाबत न्यायची, पांढरी घाण बाहेर आली की समजायचं काम झालं. असंच मी सगळ्या आयांना दाखवत आले.

डॉक्टर बाईंनी माझं बोट धरलं आणि उलट्या दिशेला फिरवलं. डोळ्याच्या कोपऱ्यातून खाली, नाकाकडं. म्हणाल्या, "आजी, डोळ्यातलं पाणी एका बारीक नळीनं नाकात उतरतं. बाळाच्या त्या नळीच्या तोंडाशी पातळ पडदा राहिलेला असतो. तो खालच्या दाबानं फुटायला पाहिजे. तुम्ही वर ढकलत होता."

मी म्हटलं, पण बाई, माझ्या हाताखालची चाळीस पोरं तरी बरी झाली आहेत. त्यांनी मान हलवली. "झाली असणारच. दहातली नऊ बाळं वर्षाच्या आत आपोआप बरी होतात. काही केलं नाही तरी होतात."

सारिका, बत्तीस वर्षं बायका मला म्हणायच्या, रतनबाईंच्या हाताला गुण आहे. बारशाला पहिलं ताट मला. आणि तो गुण होता कोणाचा, तर कॅलेंडरचा! मी तिथंच स्टुलावर बसून राहिले. बाहेरचा पेशंट दार वाजवायला लागला तेव्हा उठले.

त्यांनी पुढचंही सांगितलं, ते तुझ्या कामाचं आहे, नीट वाच. पहिलं वर्ष थांबायचं ते बरोबर. पण वर्ष उलटलं की थांबण्यात फायदा कमी कमी होत जातो. मग भूल देऊन बारीक सळई त्या नळीतून घालतात आणि वाट मोकळी करतात. दहा-पंधरा मिनिटांचं काम, कापाकापी नाही. वर्ष ते दीड वर्षाच्या मधे केलं तर बहुतेकांचं एका खेपेत होतं. त्याच्या पुढं गेलं तर होत नाही असं नाही, पण नुसत्या सळईवर भागेलच असं सांगता येत नाही. कधी आत रबरासारखी बारीक नळी काही महिने ठेवावी लागते, कधी परत करावं लागतं. आणि गाठ एकदा आली म्हणजे परत येऊ शकते, तेव्हा आता रेंगाळू नका म्हणाल्या.

त्यांनी विचारलं, "तारीख का मिळाली नाही अजून?" मी म्हटलं, चौकशी करते.

तुझी आत्या


२४ जुलै

सारिका,

फोन आला होता.

मार्चच्या वीस तारखेला. शिबिराच्या कागदावर माझा नंबर होता, तुझा नव्हता. मीच सांगितला होता लिहिणाऱ्या पोराला, विचारायच्या आधी. पंचवीस तारखेला या म्हणाले, सकाळी सहानंतर बाळाला काही देऊ नका, पूर्ण भूल द्यायची आहे. भूल म्हटल्यावर मी घाबरले. एवढासा जीव. मी म्हटलं, पोरीला सर्दी झाली आहे, नाही येत. फोनवरची बाई म्हणाली, बरी झाली की तुम्हीच फोन करा, तोवर नाव बाजूला ठेवते.

मी फोन केला नाही.

तू ज्या फोनची वाट बघते आहेस तो येणार नाही. म्हणून लिहिलं.


२६ जुलै

सारिका,

परवाचं पत्र अजून डब्यातच आहे. उद्या रविवार. दोन वेळा फाडायला घेतलं. फाडलं तर तू अशीच वाट बघत राहशील आणि पोरीचे महिने जात राहतील, म्हणून फाडलं नाही. दोन्ही एकाच पाकिटात घालते.

पण त्यात मी भूल भूल लिहिलं ते अर्धंच खरं आहे. भीती वाटली, नाही कशाला म्हणू. पण भीती वाटली असती तर मी तुला हाक मारली असती. तू चार हातांवर होतीस, चुलीपुढं, भाकरी थापत. मी फोन घेऊन अंगणात गेले. भ्यालेलं माणूस लोकांत येतं, मी लोकांतून बाहेर गेले. म्हणजे मला लपवायचं होतं.

खरं हे आहे की मी सगळ्या आळीला सांगून बसले होते. नातीचा डोळा माझ्या हातानं सुटणार, ऑपरेशन लागायचं नाही. अंबूबाई तर पारावर मला चिडवायची, "काय रतनबाई, गावाचं डोळं सुटलं, घरचाच अडला व्हय?" मी म्हणायचे, थांब जरा, सुटेल. आणि वर्ष उलटून गेलं तरी मला वाटत होतं, अजून महिनाभर, अजून पंधरा दिवस. सकाळी पापण्या कमी चिकटल्या की मी तुला दाखवायचे, आठवतं? ज्या दिवशी जास्त चिकटायच्या त्या दिवशी तू उठायच्या आत कोमट पाण्याच्या कापसानं पुसून ठेवायचे. हेही आज सांगून टाकते.

गावातल्या निम्म्या बाळंतिणींच्या कागदावर माझाच नंबर असायचा. कोणाकडं फोन नसायचा, कोणाचा नवरा उचलू द्यायचा नाही. लशीची तारीख, डॉक्टरांची तारीख, सगळं माझ्याकडं यायचं आणि मी दारोदार जाऊन सांगायचे. कधी मीच ठरवून टाकायचे, तिला आत्ता जमणार नाही, पुढच्या महिन्यात पाठवू. कोणी कधी जाब विचारला नाही. सवय लागली. घरची सूनही त्याच यादीत घातली मी.

सोमवारी पहिल्या गाडीनं पुण्याला जाते आहे, नवीन तारीख काढायला. हॉस्पिटलवाल्यांना शिव्या घालू नकोस, त्यांचं काही चुकलेलं नाही. मला घाल.

रतन


१९ ऑगस्ट

सारिकास,

तीन आठवडे तुझा शब्द नाही, आणि आकाशचाही नाही. या वेळी पिना मी मारल्या नव्हत्या, म्हणजे त्यानं वाचलं असणार. समोरासमोर बसून जेवतो आणि मीठ लागलं तर उठून स्वतः घेतो. शिरवळच्या कंपनीतून आला की मोटारसायकल पुसत बसतो, अंधार पडेपर्यंत. त्या गाडीचा रंग जायची वेळ आली.

तारीख सतरा सप्टेंबर. त्याच्या आधीची मिळाली नाही. खिडकीवरच्या मुलीनं जुना कागद काढला. त्यावर लिहिलेलं होतं, नातेवाईकांचा नकार, सर्दी. तिनं विचारलं, आजी, सर्दी चार महिने होती का? मागं रांग होती. मी म्हटलं, नाही, सर्दी नव्हतीच. कागदावर आता तुझा नंबर आहे.

अठरा महिने गेल्या आठवड्यात पूर्ण झाले. ऑपरेशनच्या दिवशी एकोणीस होतील. हे आकडे माझ्या डोक्यात गाणं होऊन बसले आहेत, तांदूळ निवडताना, झाडताना, सारखे.

दुसरं एक काम करते आहे. तुला वाटेल पापं धुते आहे, तर तसं समज. घरोघर जाऊन मालिश परत शिकवते. वरून खाली, असं. सोनियाच्या बाळाला पाचवा महिना आहे, तिला दाखवलं. वैष्णवीचं पोरगं अकरा महिन्यांचं झालं आणि त्याचे दोन्ही डोळे गळतात. तिला म्हटलं, मी आजवर उलटं शिकवलं, आता खाली दाब, आणि वाढदिवस झाला तरी गळत असतील तर माझ्याकडं येऊ नको, सरळ डॉक्टरकडं जा. तिनं माझ्या कपाळाला हात लावला. "बाई, तुमाला बरं न्हाई का?" म्हणाली. अंबूबाईला पारावर सांगितलं. तिनं या वेळी चिडवलं नाही. चिडवलं असतं तर बरं झालं असतं.

आणि काल आकाश बोलला. पाठ माझ्याकडं करून, फडकं पिळता पिळता. "भूल देताना आत एकच मानूस सोडत्यात. सारिका म्हनली, आत्यास्नी जायाला सांगा."

मी विचारलं, असं का? तो म्हणाला, "मला न्हाई म्हाईत. तिनं सांगितलं, म्या सांगितलं."

तेव्हापासून मी विचार करते आहे. तू मला शिक्षा देते आहेस का? दिलीस तरी मी येणार. पण आईला सोडून आजीच्या हातात देणं मला समजलं नाही. पोरगी दोन महिने मला भेटलेली नाही. तिनं हातपाय झाडले तर? मला सोडून तुझ्याकडं झेप घेतली तर मी तिला धरायचं? मला हे येणार नाही, असं मी आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी लिहिते आहे.

तरी येते.

आत्या


१८ सप्टेंबर

सारिका,

काल तुम्हाला वेल्ह्याला सोडून आकाश घरी आला तेव्हा दिवेलागण झाली होती. पोरगी गाडीत झोपली होती म्हणाला. आज सकाळी डोळ्यात थेंब घातलेस ना? चार वेळा घालायचे आहेत. मी तुला शिकवत नाही, मला स्वतःलाच धीर देते आहे.

तू आत नव्हतीस, म्हणून आतलं तुला सांगते. तुला कळायला पाहिजे.

मला हिरवा झगा घातला, डोक्याला टोपी. सृष्टीनं मला ओळखलं नाही. तुझ्या कडेवरून घेतलं तेव्हा ती ओरडली, ते तू ऐकलंस. दार लागल्यावर आणखी ओरडली. पोटात सकाळपासून काही नाही, तोंड सुकलेलं. भुलीचे डॉक्टर म्हणाले, आजी, छातीशी घट्ट धरा, मी मास्क लावतो, ती रडेल, रडू द्या, जितकी रडेल तितकी लवकर झोपेल. मी धरलं. तिनं माझ्या टोपीची नाडी ओढली, मानेला नख लागलं. मग तिची मूठ सुटली. मग मान माझ्या हातावर पडली. सारिका, त्या क्षणी ती इतकी जड झाली की मला वाटलं, झालं, गेली. मी डॉक्टरांकडं बघितलं. ते म्हणाले, "छान झोपली." आणि माझ्या हातातून काढून घेतली. हात तसेच राहिले, वाकडे. नर्सबाईंनी दंडाला धरून मला बाहेर आणलं.

मार्चमध्ये मला या क्षणाची भीती वाटली असं मी लिहिलं होतं. ते खरं निघालं. इतकं खरं असेल असं तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

बाहेर बाकावर तू एका टोकाला आणि मी दुसऱ्या. मधे आकाश, दोघींकडं न बघता. वीस मिनिटं सांगितली होती, पाऊण तास लागला. ऑपरेशनचे डॉक्टर बाहेर आले. नुसत्या सळईनं वाट नीट मोकळी राहीना, आतला भाग आकसलेला होता, म्हणून बारीक नळी ठेवली आहे. तीन महिन्यांनी काढू, तेव्हा कळेल. आशा चांगली आहे, पण आज खात्री देत नाही.

तू विचारलंस, "सर, मार्चमधी केलं असतं तर ही नळी लागली नसती का?"

डॉक्टरांनी आपल्या तिघांची तोंडं बघितली. भला माणूस. म्हणाले, "सांगता येत नाही. कदाचित तेव्हाही लागली असती."

त्या 'कदाचित'वर मी उरलेलं आयुष्य काढू शकले असते, सारिका. मनात आलंही. पण जूनमध्ये गाठ आली, पोरगी तापानं फणफणली, तेव्हा ती माझ्यामुळं विनाऑपरेशनची होती. त्याला कदाचित नाही. म्हणून मी तुझ्याजवळ सरकले आणि म्हटलं, डॉक्टर मला सांभाळून घेत आहेत, तू घेऊ नको. माझी चूक आहे.

मला वाटलं आता तू उठून जाशील. मग तू माझ्याशी बोललीस. तीन महिन्यांनी. तुझे शब्द मी जसेच्या तसे लिहून ठेवते, कारण माझं वय झालं आहे आणि मला ते विसरायचे नाहीत.

तू म्हणालीस, "आत्या, आज आत तुमाला का धाडलं सांगू? माजी छाती झाली न्हाई. भूल म्हनलं की मला भ्या वाटतं, पयल्यापासनं. मार्चमधी तुमी फोन घिऊन माज्याकडं आला असता ना, तर मी बी न्हाईच म्हनलं असतं."

आकाशनं मान वर केली. मी काहीतरी बोलायला गेले. तू हात आडवा केलास.

"थांबा. न्हाईच म्हनलं असतं. पन ते न्हाई माजं असतं. चुकलं असतं तर मी चुकले असते, माज्या पोरीची आई म्हनून. आता मी काय हाय? मला तर चुकायला बी मिळालं न्हाई."

तेवढ्यात आतून रडणं ऐकू आलं आणि बाईंनी आईला आत या म्हणून हाक मारली. तू पळालीस. चप्पल एक बाकाखाली राहिली तुझी.

मी ती हातात घेऊन बसले होते. बत्तीस वर्षांत कोणत्याही बाईला मी विचारलं नव्हतं, तुला काय वाटतं म्हणून. त्यांच्या भल्याचंच करत होते. माफी मागितली तर ती फार छोटी पडेल, म्हणून आज मागत नाही.

नळी काढायची तारीख तुला येईल. मी यावं की नाही ते तू सांग. नाही म्हणालीस तर नाही.

रतन